दाजींनी ओळखलेला नर

मंडळी, दुपारचं जेवण अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

राहात्याहून दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, तिला घेऊन आले. जावई आला की वशाट करावंच लागतं, म्हणून परसातल्या दोन बदकांपैकी नर कापायचं ठरलं. मादीचं अंडं या दुष्काळात आजारी आईला मोठा आधार होतं.

मी दाखवलं, "शेपटीची पिसं वर वळलीत, आवाज घोगरा आहे, तो नर."

दाजी खदखदून हसले. "अवो मास्तर, जे मोठ्यानं वरडतं तेच नर! कोंबडा बगितला न्हाई का कधी?"

"जावयाशी वाद नको," आई आतून म्हणाली. मी गप्प बसलो. दाजींनी ओरडणारं बदक कापलं. पोटात कवचासकट तयार अंडं निघालं.

"असतोय एखादा नर अंडं घालनारा," एवढंच बोलून त्यांनी पुढं दोनदा रस्सा मागून घेतला.

इतका कोडगा अडाणीपणा मी पाहिला नव्हता. माझं गप्प बसणं त्याहून बरं होतं का, हे मात्र ठरत नाही.

निघताना बहीण हळूच म्हणाली, "दादा, मनाला लावून घेऊ नको. मला रोजच त्यांचं खरं म्हणावं लागतंय."

सांगा, जावयाचा मान राखायला आपण गप्प बसतो, तेव्हा पोरीला कुणाच्या हवाली करतो?