मेलेची एकुलती एक ट्राय

माउंट ड्रुइट भागात कचऱ्याची गाडी चालवायची ती मेले. अंगानं दणदणीत, दोन पोरांची आई. भरलेला डबा एका हातानं उचलणारी ही बाई आईची हाक आली की अजूनही दचकायची. आई लोसे तिच्या खांद्यालाही लागत नव्हती, पण घरात, चर्चमध्ये, मैदानावर शब्द तिचाच.

मेले बायकांच्या रग्बी लीगमध्ये डिंगो संघाच्या आघाडीला खेळायची. काम एकच, चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या बायकांच्या भिंतीत घुसायचं. धडका तिनं मारायच्या आणि वाट मोकळी झाली की मागून एखादी सडपातळ पोरगी पळत जाऊन रेघेपलीकडं चेंडू टेकवणार, ट्राय तिच्या नावावर. मेलेच्या नावावर इतक्या वर्षांत एकही नव्हती. चर्चमधल्या बायका विचारायच्या, "काय गं, ती पांढरी रेघ तापलेली असते का? जवळ गेलीस की माघारी फिरतेस ती!"

त्या वर्षी डिंगो अंतिम सामन्यात पोचले. समोर पेलिकन संघ, आणि त्यांच्या आघाडीला ओफा, मेलेची मावसबहीण. ओफाची आई तिकडं मायदेशी, टोंगा बेटांवरच राहिलेली, त्यामुळं पोरगी लोसेच्या हातचं खाऊनच वाढली होती. सामन्याच्या सकाळी लोसेनं दोघींना फोन करून एकच आशीर्वाद दिला, "जिंकून ये."

"अगं, मग देवानं ऐकायचं कुणाचं?" शेजारणीनं विचारलं.

"ते त्याचं तो बघेल."

शेवटची दोन मिनिटं उरली, गुण बरोबरीत. चेंडू मेलेच्या हातात आला आणि तिनं मान वर केली तर काय, रेघ चार ढांगांवर आणि मध्ये एकटी ओफा! तेवढ्यात प्रेक्षकांतून टोंगन भाषेत गर्जना आली. लोसे खुर्चीवर उभी राहिली होती.

"डावीकडून जा! मेले, डावीकडून!"

मैदानावर हे दोघींनाच कळलं. ओफा तत्काळ मेलेच्या डाव्या बाजूला झेपावली. मेलेचे पाय क्षणभर अडखळले. आईचा शब्द मोडायचा? मग तिनं डोळे मिटले आणि उजवीकडं मुसंडी मारली. ओफाच्या हाती फक्त तिची चड्डी लागली, ती टरकन फाटली, आणि मेले चेंडूसकट रेघेपलीकडं आडवी झाली.

"ट्राय! उठा आता," पंच म्हणाली.

"थांबा हो जरा. मी परत कधी येणार इथं?"

डिंगो जिंकले. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये भाजलेलं डुक्कर होतं आणि अळूच्या पानांत नारळाच्या दुधासह बांधून शिजवलेलं मटण. लोसे सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "डावीकडं मुद्दाम म्हटलं मी. ओफा माझं ऐकते आणि माझी लेक ऐकत नाही, हे काय मला ठाऊक नाही?"

ओफाचा घास हातातच राहिला. "मावशी! म्हणजे तू मला फसवलंस?"

"आणि मी कधी नाही ऐकलं गं तुझं?" मेले उसळली. "आज पहिल्यांदा!"

"दोघी गप्प बसा आणि खा." लोसेनं पानांचं सगळ्यात मोठं पुडकं ओफाच्या ताटात ठेवलं.

ओफानं फुरंगटूनच ते उलगडलं. "पुढल्या वर्षी कानात बोळे घालून खेळणार मी."

"घाल की," लोसे म्हणाली. "मी हातवारे करीन."