गेले

त्याला सगळे टकटक म्हणत. इस्पितळाच्या तळघरात बसून तो वॉर्डातल्या जुन्या नोंदवह्या संगणकात भरायचा. त्यावरून यंत्र शिकणार होतं, कुणाला लवकर घरी सोडता येईल आणि कुणाला ठेवूनच घ्यायला हवं. खर्च वाचेल, गरजवंताला खाट मिळेल. आणि मिळूही लागली. व्हरांड्यात जमिनीवर पडलेली माणसं दिसेनाशी झाली. ‘काय उजेड पाडतोस रे त्या तळघरात?’ असं अक्का विचारायची, तेव्हा टकटककडे आता उत्तर होतं.

अक्का त्याची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. तिचे पाय सुजले, श्वास पुरेना, म्हणून तिला भरती केलं. लगेचच पडद्यावर तिच्या नावापुढं हिरवा ठिपका उमटला. म्हणजे घरी सोडायला हरकत नाही.

टकटक धावत मोठ्या सिस्टरांकडं गेला. ‘हिरवा आला! अशा पेशंट लवकरच घरी जातात. मीच भरलंय ना सगळं. तुम्हीच लिहायचात, गेल्या, गेल्या.’

सिस्टरांच्या हातातला कापूस तसाच राहिला. ‘घरी पाठवलं की आम्ही “सोडलं” लिहितो रे. गेल्या म्हणजे गेल्याच. तो दुसरा शब्द वॉर्डात कुणी काढत नाही.’

त्या सगळ्यांना त्यानं संगणकात घरी पाठवलं होतं.

तो डॉक्टरांना गाठून सांगू लागला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चेहरा उतरला त्यांचाही. ‘कळवतो मी. पण दुरुस्ती एका दिवसात होत नाही. आणि तुमच्या बहिणीची खाट देऊन झालीय.’ दाराशी स्ट्रेचरवर एक म्हातारा धापा टाकत होता. त्याची मुलगी सलाइनची बाटली उंच धरून उभी होती, हात बदलत. ‘तिला काय सांगू? तुम्ही सांगता?’

टकटक अक्काच्या खाटेकडं वळला.

अक्कानं वेणी घालून घेतली होती. ‘चल लवकर. इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. मी ठणठणीत आहे हे तुझ्या यंत्राला कळलं, तुला नाही कळत होय रे?’

तो पिशवी उचलून तिच्यामागं चालू लागला. जिन्यावर ती दोनदा थांबली, दोन्ही वेळा त्याच्यावरच डाफरली, ‘हळू चाल की जरा.’

काही दिवसांनी अक्काची खोली आवरत असताना इस्पितळातून फोन आला. मुलीचा आवाज, पाठ केलेला. ‘पेशंटना पुन्हा भरती करावं लागलं नाही ना?’

‘नाही.’

‘छान! आता कशा आहेत त्या?’

‘गेली,’ तो म्हणाला.

‘गावाला का?’

दुसरा शब्द त्याच्या तोंडून निघेना. पलीकडं मुलीची बोटं चालू झाली होती, टकटक, टकटक.