रीतसर अडाणी

"मावशी, घाई करू नका. काय दिसतंय ते आधी सांगा."

"दिसायला काय ताई, सगळंच दिसतंय. पण बोट कुठं ठेवायचं ते तुमच्या फोननं सांगायला नको?"

"तुम्हाला काय वाटतं? कुठं ठेवावं?"

"मला विचाराल तर ह्या बाईच्या फोटोवर. एवढी हसतेय म्हणजे तिलाच काहीतरी ठाऊक असणार."

ताईनं लगबगीनं वहीत लिहून घेतलं: वापरकर्ता फोटोला बटण समजतो. लिहिताना तिचा चेहरा असा खुलला, की मावशीनं मनातल्या मनात म्हटलं, बसला एक डाव. आता तीन रेघांवर अडू, मग एक उसासा टाकू, म्हणजे आजचं भागलं.

कारण असल्या फोटोवर बोट ठेवून काडीचं काही होत नाही, हे मावशीला दीड वर्षापासून पक्कं ठाऊक होतं.

मावशी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसातली झाडू-पोछावाली. ऑफिस वेबसाइटी बनवायचं. दुकानांच्या, शाळांच्या, बसगाड्यांच्या, ज्याला पाहिजे त्याच्या. मावशी सकाळी फरशी पुसायची, मग बेसिनं, मग टेबलं आणि सगळ्यात शेवटी दार. ते दार म्हणजे एक प्रकरणच होतं. छतापासून फरशीपर्यंत नुसती काच. मूठ नाही, कडी नाही, चौकट म्हणावी तर तीही नजरेत न येणारी. डिझाइन करणाऱ्या पोरापोरींना त्या दाराचा केवढा अभिमान! दिवसाकाठी तीन-चार पाहुणे त्यावर नाक आपटायचे. मावशी नाकाकपाळाचे ठसे पुसून काढायची, दार पुन्हा दिसेनासं व्हायचं आणि पुढच्या नाकाची सोय व्हायची.

ती खुर्चीवर बसायला लागली ती बसगाड्यांच्या साइटीमुळं. तिकिटं काढायची साइट तयार झाली होती आणि बसवाला मालक हटून बसला होता, की एखाद्या साध्या माणसाला ती माझ्यासमोर वापरून दाखवू दे. आता ऑफिसात माणसं चाळीस, पण साधं एकही सापडेना. तेवढ्यात मावशी टेबलाखाली पोछा घालत होती. तिला उठवून चाकाच्या खुर्चीत बसवलं. मावशीनं बसच्या चित्रावर बोट ठेवलं आणि पाव तास दाबत राहिली. बस काही हलेना.

"तिकीट पाहिजे तर बसपाशीच जायचं ना?" ती म्हणाली. "की मी स्टँड सोडून शेतात जाऊ?"

बसवाला मालक पोट धरून हसला. ऑफिसातल्यांचे चेहरे पडले आणि दुसऱ्या दिवशी चित्राचं बटण झालं. तेव्हापासून दर गुरुवारी मावशीचं बोलावणं ठरलेलं. कागदोपत्री तिला नावही मिळालं: सामान्य वापरकर्ता.

चाकाची खुर्ची मऊ होती, वाकून वाकून दुखणाऱ्या कंबरेला बरी होती, हे तर झालंच. पण खरी गोष्ट वेगळी होती. त्या अर्ध्या तासात मावशी जे बोलेल ते ताई, म्हणजे साइटी माणसांवर पारखून बघणारी ऑफिसातली बाई, लिहून घ्यायची. नुसती कुरकुरली तरी लिहायची. आजवरच्या आयुष्यात मावशीचं बोलणं कोणी पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं. नवरा ट्रकवर, पंधरा दिवसांनी यायचा आणि आल्या आल्या झोपायचा. घरात बोलायचं काम सासूकडं होतं. आणि इथं एक शिकलीसवरलेली बाई पेन सरसावून विचारते, मावशी, तुम्हाला काय वाटतं? ही चव एकदा लागली की सुटत नाही.

अडचण एकच झाली. बसून बसून मावशी शिकली.

कोपऱ्यातल्या तीन रेघा म्हणजे आत कपाट आहे, हे तिला कळलं. जाहिरात अंगावर आली की तिच्या कानाशी फुली असते आणि ती माशीच्या पायाएवढी असते, हेही कळलं. 'मी यंत्र नाही' असं लिहिलेल्या चौकोनात टिचकी मारताना ती सुरुवातीला "माझ्या सासूला विचारा" म्हणायची, पुढं मुकाट्यानं मारायला लागली. आणि शिकणाऱ्याचं काय होतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या आधी ही खुर्ची खालच्या वॉचमनकडं होती. चार महिन्यांत गडी तरबेज झाला. ताई एवढंच म्हणाली, "हा आता शिकला. उपयोगाचा राहिला नाही." तेव्हापासून वॉचमन फाटकापाशी बसायचा आणि वर जाणाऱ्या मावशीला हाळी द्यायचा, "काय मावशी, अजून येत नाही ना काही?"

"छे बाबा," मावशी म्हणायची. "डोक्यात शिरतच नाही."

मग तिनं न येण्याचा अभ्यास सुरू केला. फोटोवर एकदा, तीन रेघांवर दोनदा, फुलीवर एकदा अडायचं. मधे "अगं बाई, हे कुठं गेलं!" आणि शेवटी उसासा. दर गुरुवारी न चुकता चुकायचं. ताई खूश, साहेब खूश, मावशीची खुर्ची शाबूत.

आणि मग डोळ्यांच्या दवाखान्याची साइट आली.

दवाखाना मोठा, मोतीबिंदू काढणारा. तिथं आजवर खिडकीवर नंबर मिळायचे आणि पहाटेपासून रांग लागायची. आता खिडकीला फळी ठोकून त्यावर साइटीचा पत्ता लिहिला होता. यापुढं नंबर मिळणार तो फोनवरच. मावशीच्या सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, त्यामुळं मावशीला ह्या कामात घरचा रस होता.

दवाखान्याच्या लोकांना साइट 'शांत' पाहिजे होती. चष्मेवाल्या डिझायनरनं ती इतकी शांत केली, की पांढऱ्यावर पांढरं आणि मधे 'नंबर घ्या' हे बटण धुतलेल्या राखेच्या रंगात. मावशीला ते पहिल्या नजरेत दिसलं. त्या ऑफिसात जे महत्त्वाचं तेच फिकट असायचं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की फिकट दिसलं रे दिसलं की बोट आपोआप तिकडं वळायचं. तिनं ते आवरलं. हसऱ्या बाईचा फोटो झाला, तीन रेघा झाल्या, उसासा झाला आणि मग "सापडलं बाई एकदाचं!" म्हणून तिनं बटण दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी फोटो बारीक केला, तीन रेघांखाली 'यादी' असं लिहिलं. बटण होतं तसंच राहिलं. ते तर सामान्य वापरकर्त्याला सापडलं होतं.

"माझ्या बोटाखालून गेल्याशिवाय साइट चालू होत नाही," मावशीनं त्या संध्याकाळी घरी सांगितलं.

सासूनं ते बरोबर लक्षात ठेवलं. साइट चालू झाल्याचं कळताच तिनं फोन मागून घेतला.

"द्या इकडं आत्याबाई, मी काढते नंबर."

"का? तुझ्या बोटाखालून गेलीय ना? मग माझ्या बोटाला काय धाड भरलीय?" सासूनं फोन नाकाला टेकवला. बराच वेळ टेकवला. "कोरा आहे."

"कोरा कसा असेल? खाली बघा."

"खाली तुझी फरशी आहे."

"अहो, फोनात खाली! तिथंच आहे बटण. जरा फिकट आहे इतकंच."

सासूनं फोन मांडीवर ठेवला. "डोळ्यांचा दवाखाना, आणि अक्षर असं की ज्याला दिसतंय त्यालाच दिसावं. मग दिसणाऱ्यानं तिथं जायचं कशाला, डॉक्टरला बघायला?"

मावशीनं हात पुढं केला तर सासूनं फोन पाठीमागं दडवला. "तुझ्या बोटानं नंबर नको मला. हे पास कोणी केलं ते मला बघायचंय. तुझ्या ऑफिसात ने."

म्हातारी एकदा का त्या खुर्चीत बसली, की खरं न दिसणं कसं असतं ते ताईला कळणार. मग मावशीचे उसासे कोण विकत घेणार? तिनं चार दिवस टोलवाटोलवी केली. आज लिफ्ट बंद आहे, उद्या साहेब नाहीत. सासू रोज सकाळी चपला घालून बसायची आणि फोनला कोणाला हात लावू द्यायची नाही. नंबर काही निघत नव्हता आणि डोळे काही थांबत नव्हते.

इकडं ऑफिसात आनंदीआनंद. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की दवाखान्याकडून शाबासकी आली आहे. गर्दी पार संपली. आठ दिवसांत फक्त नऊ अर्ज! "म्हणजे बघा," साहेब म्हणाले, "एका चांगल्या डिझाइननं लोकांचा केवढा त्रास कमी होतो." ते नऊही जण पंचविशीतले होते आणि त्यांतल्या दोघांना नुसता चष्मा बदलायचा होता, हे कोणी विचारलं नाही. त्याच बैठकीत मावशीला कान असलेला चिनीमातीचा कप भेट मिळाला. त्यावर तिच्यासाठी खास अक्षरं छापली होती: सामान्य वापरकर्ता.

कप घरी नेला. सासूनं तो हातात फिरवला, उजेडाकडं धरला.

"चांगला आहे. काही लिहिलेलं नाही ते बरं केलं."

अक्षरं त्याच राखेच्या रंगात होती.

ती रात्र मावशीनं कूस बदलत काढली. सकाळी सासू चपला घालून बसली होतीच. मावशी म्हणाली, "चला."

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट उघडली. मावशी बादली घ्यायला वळली न वळली तोच ढप्प असा आवाज झाला. सगळं ऑफिस मान वर करून बघायला लागलं. ताई धावत आली.

"अगं बाई! आजी, लागलं का हो?"

"लागलं नाही, कळलं," सासू कपाळ चोळत म्हणाली. "तुमचं दार फोनासारखंच आहे. असून नसल्यासारखं."

ताईच्या डोळ्यांत एकदम जी चमक आली ती मावशीनं ओळखली. दोन वर्षांपूर्वी बसच्या चित्रापाशी अशीच आली होती. पाच मिनिटांत सासू चाकाच्या खुर्चीत होती, समोर फोन, आजूबाजूला ताई, साहेब आणि चष्मेवाला. मावशी पोछा घेऊन भिंतीशी उभी.

"आजी, काय दिसतंय?"

"पांढरं."

"आणखी?"

"आणखी पांढरं."

"सावकाश बघा. घाई नाही."

"मला नाही गं पोरी. माझ्या डोळ्यांना आहे."

चष्मेवाला कळवळून म्हणाला, "पण माझ्या स्क्रीनवर तर इतकं स्वच्छ दिसतंय!"

"केवढा आहे तुझा स्क्रीन?"

त्यानं दाखवला. कपाटाच्या फळीएवढा होता.

"मग हा दे माझ्या घरी लावून. आणि शेजारणीकडं पण एक."

ताई वहीची मागची पानं चाळत होती. एका पानावर थांबून तिनं वर पाहिलं. "मावशी, पण तुम्हाला हे बटण सापडलं होतं की. इथं लिहिलंय. बऱ्याच प्रयत्नांनी सापडलं."

मावशीच्या घशाशी उसासा तयार होता. नशिबानं सापडलं, ताई, असं म्हटलं असतं तर निभावलं असतं. खुर्ची समोरच होती, फक्त तिच्यात सासू बसली होती आणि फोन चाचपत होती. एक बोट काचेवर इकडून तिकडं फिरत होतं, आंधळ्या मुंगीसारखं.

"सापडलं कसलं," मावशी म्हणाली. "दिसतच होतं. पहिल्या नजरेला."

"मग तो फोटो? त्या तीन रेघा?"

"ते तुमच्या समाधानासाठी. मला सगळं येतं, ताई. केव्हाचं येतंय. नुसतं ह्या म्हातारीला काय दिसणार नाही, तेवढं समजलं नाही."

ताईनं सवयीनं पेन कागदाला टेकवलं होतं. ते तिथंच थांबलं. मग तिनं टोपण लावलं. शिकलेल्या माणसाचं बोलणं लिहून घ्यायला त्या वहीत जागा नव्हती.

"म्हातारी कोणाला म्हणतेस?" सासू तेवढ्यातही म्हणालीच.

चष्मेवाल्यानं तिथंच बसून बटण काळं केलं. तरी सासूला दिसेना. मग मोठं केलं. मग चांगलं तळहाताएवढं केलं, शांततेचा पार चुराडा झाला, आणि सासूचं बोट त्यावर जाऊन पडलं. नंबर मिळाला. पुढच्या महिन्याची वीस तारीख.

"दवाखान्याला कळवायला हवं," साहेब हिरमुसून म्हणाले. "गर्दी परत सुरू होणार."

ताईचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. ती खुर्चीशेजारी उकिडवी बसून विचारत होती, "आजी, तुम्ही दर गुरुवारी याल का हो? वीसला ऑपरेशन ना? म्हणजे..." तिनं बोटांवर गुरुवार मोजले. "पाच मिळतील. दोन्ही डोळ्यांचं एकदमच करणार आहेत का?"

"का गं?"

"नाही, एक राहिला तर बरं होतं."

"बघू, डॉक्टरला विचारते," सासू खुर्ची अंमळ गोल फिरवून म्हणाली. खुर्ची तिला मानवली होती. "सूनबाई, ह्यांना म्हणावं चहा सांगा. आणि तो तुझा कानवाला कप आण बरं पुढच्या गुरुवारपासून. धरायला सोपा आहे."

"आणते," मावशी म्हणाली.

तिनं बादली उचलली आणि दारापाशी गेली. काचेवर सासूच्या कपाळाचा ठसा उमटला होता, नेहमीच्या ठशांपेक्षा हातभर खाली. त्यासाठी तिला वाकावं लागलं आणि कंबरेत कळ आली. तिनं ठसा घासून काढला, वरची दोन नाकंही काढली. दार पुन्हा दिसेनासं झालं.

तेवढ्यात लिफ्टचा आवाज झाला. कोट घातलेला एक पाहुणा फोनात बघत तडक दाराकडं निघाला होता. मावशीनं फडका बादलीत बुडवला, पिळला आणि हातात तयार ठेवला.