सुलभाकाकीचा वाटा

तुमच्या ताटातला कुठला घास दुसऱ्या कुणाच्या नावावर असायला हवा होता, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय?

मी नव्हतं विचारलं. इतरांना विचारत आले – माइकवरून, पत्रकांतून, ठळक अक्षरांत. स्वतःला मात्र नाही. आणि तो प्रश्न खरोखरच माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी काय केलं, हे आजवर कधी लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलंही नाही. देवबागच्या किनाऱ्यावरच्या माणसांना ते ठाऊक आहे. पण त्यातले बरेचसे त्या दिवशी माझ्याबरोबरच गप्प बसलेले. मग त्यांनी तरी कुणाला आणि कशाला सांगायचं?

आधी माझ्या घराबद्दल सांगायला हवं. माझे बाबा आमच्या रापणीचे तांडेल – म्हणजे जाळं कधी टाकायचं, कुठे टाकायचं, हे ठरवणारा माणूस. मोठ्या यांत्रिक बोटींविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात ते पुढे असायचे. आमच्याकडे कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्र नाही, पत्रकं अंथरलेली असत. अक्षरं जुळवायला मी त्यांवरच शिकले. 'हक्क' हा शब्द मला 'आंबा' या शब्दाच्या आधी वाचता यायला लागला, असं आई हसत सांगते. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. मला कळत नव्हतं, असं म्हणायची वाट मला ठेवायची नाही, म्हणून सांगतेय.

आता रापण. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते, आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन रांगा ओढतात. दोरी कमरेवर घेऊन, पाठमोरं मागे सरकत. दोरीवरची प्रत्येक जागा एकेका घराची, आणि ज्याची जागा त्याचा वाटा. घरचा माणूस आला नाही तर बदली हात लागतो. त्या हाताला मिळतात कालवणापुरते मासे, वाटा जातो जागेच्या घरी. मात्र बदली हाताने पूर्ण हंगाम दोरी ओढली, तर तो नारळी पौर्णिमेनंतरच्या बैठकीत त्या जागेचा वाटा मागू शकतो – स्वतःच्या नावावर. आणि वाट्याबरोबर बैठकीत बोलायचा अधिकार. अट एकच. ज्या घराची जागा, त्या घरातल्या कुणीतरी उठून उभं राहायचं आणि सांगायचं, आमचं माणूस नव्हतं, हात ह्याचा होता. असे वाटे मिळालेले आहेत. पुरुषांना.

सुलभाकाकी आमच्या शेजारची. नवरा गेला तेव्हा त्याचा वाटाही गेला, कारण पुढे मुलगा नव्हता, मुलगी होती. त्या वर्षी माझा दादा पर्यटकांच्या बोटी चालवायला लागला आणि दोरीवरची आमची जागा रिकामी पडली. आई काकीला म्हणाली, चार दिवस बघ. चार दिवसांचा हंगाम झाला. पहाटे मी फोटो काढायला किनाऱ्यावर असायचे. रापणीतल्या बायकांवर मी लिहीत होते ना! काकीच्या कमरेवरचा दोरीचा वळ माझ्या फोटोत आहे. ओल्या वाळूत तिच्या टाचांनी पाडलेले खड्डे आहेत. आणि वाटा? तो आमच्या घरी येत होता. त्यातून घर चाललं, आणि माझी पत्रकंही छापली गेली – होय, बायकांच्या हक्कांची. कागद कुठल्या पैशाचा होता, हे मला माहीत होतं.

वाटा माग, असं काकीला मीच सांगितलं. ती नको म्हणत होती. गावात राहायचं आहे, हसू होईल, म्हणाली. मी तिच्या ओट्यावर बसून तिला समजावलं. मी उभी राहीन, असं म्हटलं. तिला काय हवं होतं? वाटा मिळाला तर लोकांच्या होमस्टेमधल्या चादरी धुवायच्या नाहीत, मुलीचं शिक्षण बारावीवर अडवायचं नाही. एवढंच. आणि बैठकीत बायकांबरोबर मागे माशांच्या पाट्यांजवळ न बसता पुढे बसायचं. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

बैठक होडीच्या सावलीत भरली. काकी पुढे आली, पदर खोचून उभी राहिली. "माका वाटो होयो. माझ्या नावार." मग मागून एकजण म्हणाला, "मगे आता आम्ही पाटी घेवन बाजारात बसाचा काय?"

"बस मरे," काकी वळूनही न बघता म्हणाली. "तुझ्या तोंडाक बघून गिऱ्हायक पळात, ता तेवढा संबाळ."

सगळे हसले. बाबाही. मला वाटलं, झालं, सुटलं. पण हसू ओसरलं आणि लोक जाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्यांशी चाळा करत बसले. कारण अर्ध्या घरांच्या जागांवर दुसऱ्या घरची कुणीतरी बाई ओढत होती. आज एक वाटा सुटला तर उद्या किती?

दादा बोटीवर होता, आई घरी. आमच्या घरातलं तिथे होतं कोण? बाबा, ते तर बैठक चालवत होते. आणि मी.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, दरडावलं नाही. ते सोपं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "सांग गो. तू थंयच असतंस, फोटो काढीत. बघलंस हिका?"

त्या क्षणी मी काय काय पाहिलं, ते लिहू? बाबांची मान सगळ्यांसमोर खाली जाताना पाहिली. वाटा गेल्यावर घरात होणारं भांडण पाहिलं. दादा विचारेल, तुझी पत्रकं आता कोण छापणार – तेही पाहिलं. हातभर अंतरावर उभी असलेली काकी तेवढी पाहिली नाही.

मी उठले नाही. बसूनच, वाळूकडे बघत म्हणाले, "मी रोज खंय थंय होतंय, बाबा."

एवढंच. एका वाक्यात तिचा हंगाम पुसला गेला. बाबा म्हणाले, पुढचा विषय घेऊया.

परत जाताना माडांच्या वाटेवर काकीने मला गाठलं. ती रडत नव्हती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, दुखऱ्या माणसाच्या ठेवतात तसा. "पाठ दुखता काय गो तुझी, बाय? उठाक जमूक नाय ता?" आणि पुढे निघून गेली.

इथे थांबले असते तर तो नुसता भित्रेपणा ठरला असता. मी थांबले नाही. महिन्याभराने मी त्या बैठकीवर पत्रक लिहिलं. किनाऱ्यावरच्या पुरुषांवर आग ओतली. ते गाजलं, मला भाषणांना बोलावणी आली. त्यात एक वाक्य आहे, ज्यावर प्रत्येक सभागृहात टाळ्या पडतात: 'तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा राहिला नाही.' वाक्यात खोटं काय आहे? काहीच नाही. म्हणून तर ते इतकं घाणेरडं आहे.

आणि आमच्या गावातल्या बायका माझ्या सभांना का येत नाहीत, याचं कारणही मी छापलंय – जागृतीचा अभाव. बैठकीच्या वेळी त्या मागे पाट्यांजवळ बसलेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

काकी आता खाडीकडच्या होमस्टेमध्ये चादरी धुते. मुलगी बारावीनंतर तिथेच स्वयंपाकघरात लागली. आमची जागा अजून आमची आहे, दोरीवर दुसरी एक बाई आहे, वाटा आमच्या घरी येतो. यंदाच्या बैठकीआधी हा कागद किनाऱ्यावरही वाटला जाईल. बाबांना तो तेव्हाच कळेल. त्यांना आधी सांगायची हिंमत माझ्यात आजही नाही. काकीकडे मी गेले नाही – तिच्या दारात उभं राहून माफी मागितली, की ती देण्याचं कामही तिच्याच अंगावर पडणार. तेवढंही ओझं तिला आता का द्यायचं?

तुमच्याकडून मला स्वतःसाठी काही नको. एक काम मात्र करा. माझं ते जुनं पत्रक तुमच्या घरात कुठेतरी असेल. ते काढा. टाळ्यांचं ते वाक्य पेनाने खोडा, आणि त्याच्यावर लिहा: साक्षीदार होती, ती तांडेलाची मुलगी होती, ती बसून राहिली. आणि मग ते पत्रक घरात सगळ्यांना दिसेल असं ठेवा.