नऊच्या नऊ उठले

रेवणसिद्ध मूळचा उदगीरचा, लातुरात चित्रकलेचा मास्तर. माणूस तसा शहाणा. पण झेक सिनेमांनी, त्यातही विनोदी सिनेमांनी, त्याला पार वाया घालवलं होतं. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलात त्याच्या फिल्म क्लबचा खेळ असे. पुण्याहून एस.टी.नं रिळांचे डबे येत. साठच्या दशकातले सिनेमे बिनधास्त होते, सत्तरच्या दशकातले तिथल्या सरकारच्या धाकानं बेतानं हसणारे, ऐंशीतले घरगुती भांडणांचे. खालची इंग्रजी अक्षरं वाचायची कुणाला हौस? म्हणून रेवणसिद्ध यंत्रापाशी उभा राहून सगळी गोष्ट मराठीत सांगे. त्याच्या तोंडून प्रागचा कारकूनही उदगिरी शिव्या देई. खरं तर लोक सिनेमासाठी कमी आणि त्याच्यासाठीच जास्त येत.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं, घरं पडून पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या लोकांना हसवायचं. सुतकात कसला तमाशा, असं बायकोनं सुनावलं. तो ऐकणारा नव्हताच. यंत्र तिथं नेऊन, एका मोठ्या शेडच्या खिडक्यांना पोती लावून त्यानं भरदुपारी खेळ लावला. सिनेमा एका लग्नाचा होता. सहा वेळा बघितलेला, म्हणून पुन्हा तपासायची तसदी त्यानं घेतली नाही.

लोक हळूहळू हसू लागले. तेवढ्यात पडद्यावर बँडवाल्यांनी जोर केला, लग्नघराच्या भिंतीला तडा गेला आणि रेवणसिद्धला आठवलं, आता घर कोसळणार. या जागी तो सहाही वेळा पोट धरून हसला होता. तेव्हा पडणारी भिंत ही नुसती गंमत होती, म्हणून ती लक्षातही राहिली नव्हती. त्यानं घाईनं भिंगापुढे पंजा धरला. चित्र गेलं, आवाज मात्र राहिला. अंधारात घर कोसळल्याचा तो धडाडा सगळ्या शेडनं ऐकला. त्यानं हात काढला तेव्हा पडद्यावर वऱ्हाडी धुळीनं पांढरेफटक होऊन ढिगाऱ्यातून उठत होते. आपण पाप केलं, असं त्याला वाटलं.

पुढं बसलेल्या नीलाबाईनं मागं वळून पाहिलं. तिच्या घरची तिघं गेली होती.

“सर, बोला की. समदे उठले का?”

“हाव,” तो म्हणाला. “समदे उठले.”

“किती जण?”

त्यानं मोजले. “नऊ.”

“मागं फिरवून परत दाखवा.”

त्यानं तेवढा भाग तीनदा दाखवला. हसलं कुणीच नाही, पण उठूनही कुणी गेलं नाही. रेवणसिद्ध यंत्राआड तोंड करून रडला.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. शाळेनं हॉल एका क्लासला दिला, रिळं येणं थांबलं आणि यंत्र अडगळीत गेलं. पेन्शनीत निघालेला रेवणसिद्ध सवयीनं हॉलच्या पायरीवर जाऊन बसे. एका जूनमध्ये नीलाबाई तिथं आली. लोह्याला दिलेल्या लेकीची मुलगी, मंजुश्री, हिला क्लासला घालायचं होतं. नीलाबाईनं सरांना लगेच ओळखलं आणि ते लग्नाचं अजून दाखवता का, असं विचारलं. रीळ कधीच परत गेलं, असं त्यानं सांगितलं.

मग पायरीवर टेकून नीलाबाईनंच नातीला सगळा सिनेमा सांगितला, थेट रेवणसिद्धच्या ढंगात, शिव्यांसकट. भिंत पडल्यावर ती थांबली.

“मग?” नातीनं विचारलं.

“मग नऊच्या नऊ उठले. आपल्यातलं कुणी न्हाई उठलं बाई, पर तिथं उठले. म्या सोता बघितलंय, इचार सरांना.”

मंजुश्रीनं सरांकडं पाहिलं. रेवणसिद्ध हाव म्हणाला.