प्रणिता टीचरनं अस्वल शिकवलं

मी तोंडाची फटकळ, हे पयलेच सांगून ठेवतो. बारा वर्सं झाले, आमच्या मराठी शाळेत दुपारचा सयपाक मीच करतो. भात, पप्पू म्हंजे वरन, अन् अंड्याच्या दिवशी अंडी. इंद्रवेल्लीहून उटनूरकडे जाताना डाव्या हाताले आत वळलं का सागाचं रान लागते, रानाच्या अल्याड पऱ्हाटीची वावरं, अन् त्याच्या मधात आमचं गाव. शाळेत पाच वर्ग अन् शिकवनारे दोघं. मोठे पोट्टे भूषण सराकडे, पयली-दुसरी प्रणिता टीचरकडे. ही प्रणिता आमच्याच गावची पोरगी. लहान होती तवा तिची माय वावरात गेली का ही माझ्या घरी चुलीपाशी येऊन बसे, अन् "वच्छलामावशी, खरवड द्या" म्हने, भाताच्या गंजाले खाली लागलेली खपली. मास्तरीन झाली तरी खरवड मागाची सवय गेली नवती.

दोन वर्सं झाले त्या गोष्टीले. मोहाची फुलं पडाचे दिवस होते. शाळेच्या आंधी बापाची न्याहारी घेऊन ती वावरात चालली होती, सकाळीच, एकटी, चूपचाप. बांधाच्या वारुळापाशी अस्वलाची मादी वाळवी खात बसली होती, पाठीवर पिल्लू. हिले ते दिसलं नाई, तिले ही दिसली नाई. दोघीबी दचकल्या. पंजा बसला तो डाव्या गालावरून कानापर्यंत. डोळा वाचला, ही देवाची कृपा. तीन महिने दवाखान्यात काढले, दोन आपरेशनं झाले. वापस आली तवा गाल शिवलेला, ओठ एका बाजूनं वर ओढलेला, अन् तोंडावर मास्क. कोरोना जाऊन जमाना झाला, हिचा मास्क काई निंगाला नाई.

आता गाव आमचं मायाळू. सगळ्याइनं मिळून ठरवलं का पोरीसमोर त्या जनावराचं नाव काढाचं नाई. लोकं "ते काळं" म्हनाले लागले. भूषण सर तं त्याहूनबी शायने, ते तेलुगूत बोलत, एलुगुबंटी म्हनत. जशी का तिले तेलुगू येतच नाई. शाळेच्या भितीवर जनावराइचे चित्र हायेत, हरीन, मोर, हत्ती, अस्वल, वाघ. ती कामावर येनार त्याच्या आदल्या दिवशी मीच चुना कालवला अन् अस्वल पुसलं. एक हात मारला, खालून काळं दिसे. दुसरा मारला, तरी दिसे. तिसऱ्या हातात गेलं. हत्ती अन् वाघाच्या मधात एक पांढरा चौकोन राह्यला. झाकली मूठ सव्वा लाखाची, मले वाटलं. आनखी एक काम केलं मी त्या दिवशी, पन ते सांगाले मले उलसक धीर लागन.

प्रणितानं ते सगळं पाह्यलं असन. शिकवाची चांगलंच. फक्त जेवाले पोराइत बसनं सोडलं. डबा घेऊन एकटी मागच्या खोलीत जाये, भितीकडे तोंड करून जेवे. मी ताट भरून दाराशी ठेवो अन् खाली मान घालून वापस येओ.

मंग औंदाच्या जून महिन्यात नवीन लेकरं आले. त्याच्यात प्रगती नावाची एक पोट्टी, बारीकशी, दोन वेण्यावाली. तिसऱ्या का चवथ्या दिवशी प्रणितानं पानी प्याले मास्क खाली केला. प्रगतीनं वर पाह्यलं, किंचाळली, अन् वर्गातून पळाली ते थेट बोरिंगपाशी जाऊन थांबली. लई रडली. प्रणिता वर्गाच्या दारात उभी होती, हातात पान्याची बाटली. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाई. त्याच्यानंतर दिवसभर पानी प्याची बंद झाली, घरी जाऊन प्याची.

शिमग्याच्या आंधी भूषण सर चुलीपाशी आले अन् हळूच म्हने, "वच्छलाबाई, प्रणिता टीचरनं दरखास देली हाये. पयलीचे लेकरं आपल्याले भेतात, वर्गावर नोको, उटनूरच्या ऑफिसात कागदाचं काम द्या, असं लिवलं हाये. सह्या करून पुढं पाठवा म्हनते."

पयलीच्या लेकराइले हिच्यासारखं शिकवनारं दुसरं कोनी नाई, हे मी आईच्यानं सांगतो. पन मी तिले जाऊन काई बोलली नाई. तिच्यासमोर गेली का माझी नजर आपोआप तिच्या पायाकडे जाये.

त्याच हप्त्यात उटनूरच्या ऑफिसातून फोनवर हुकूम आला. पयली-दुसरीनं एक आठवडा एकच जनावर शिकाचं. गोष्टी त्याच्या, मोजनं त्याचं, चित्र त्याचं, खेळ त्याचा. जनावर आपल्या रानातलं पाहिजे, अन् आमच्या शाळेच्या नावासमोर लिवलं होतं अस्वल. भूषण सराइले घाम फुटला. "आपन ससा घेऊ," म्हने. "कोन पाहाले येते?"

पन हुकूम प्रणिताच्या फोनवरबी आला होता. ती म्हने, "सर, अस्वलच घेऊ. पाच दिवस मी घेतो. शनिवारी माझी दरखास पाठवून द्या." सर काई म्हनाच्या आत वर्गात गेली. मले कळलं, पोरगी जाच्या आंधी एक काम पुरं करून राह्यली. मोह पडाले लागला का आमची लेकरं मायसंगं रानात जातात, अन् गावात दोन वर्सं झाले त्याइच्यासमोर अस्वलाचं नाव कोनी घेतलं नवतं.

सोमवारी तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिवलं, अस्वल. मी तांदूळ निवडत होती, सूप ठेवून दाराशी आली. मंग ती विचारे, अस्वल काय खाते? लेकरं चूप. त्याइले वाटे का हे नाव घेतलं तं मार बसते. हळूच दुसरीतला बंडू म्हने, "वाळवी." मंग सुरू झाले. मोह, मध, बोरं, टेंभरं. शेवटी एक पोट्टा म्हने, "भजे," तं तेबी तिनं लिवलं अन् समोर फुली मारली.

मंगळवारी माझ्याकडून मुरमुरे मागितले. अस्वल वाळवी कशी ओढते ते दाखवाचं होतं. पपईच्या पानाच्या देठाच्या बारीक नळ्या केल्या, एक टोक तोंडात, दुसरं मुरमुऱ्यावर, श्वास ओढून मुरमुरा उचलाचा अन् दुसऱ्या ताटात नेऊन टाकाचा. कोनं किती टाकले ते मोजाचं. वर्गात असा फूं-फां आवाज सुरू होता का मोठ्या वर्गाचे पोट्टे खिडकीले लोंबकळले. ज्याइले वीसच्या पुढं मोजता येत नवतं ते त्या दिवशी चाळीसपर्यंत गेले. माझी नात चंचल बेचाळीसवर जाऊन हारली, कारन तिनं मधातच दोन खाऊन टाकले.

बुधवारी कागदाचे नखं कापले, खऱ्या मापाचे, बोटाएवढे लांब. मंग माय-पिल्लाचा खेळ. अस्वलाची माय पिल्लाले पाठीवर घेऊन चालते म्हनून एकानं रांगाचं, दुसऱ्यानं पाठीवर बसाचं. दोघं पडले, एकाचं ढोपर फुटलं. मी हळद लावली अन् जरा बडबड केली. आतून मले बरं वाटून राह्यलं होतं अन् वाईटबी, कारन शनिवार जवळ येऊन राह्यला होता.

गुरुवारी रानात कसं चालाचं ते. प्रणिता सांगे, अस्वलाले दुरून नीट दिसत नाई. आपन चूपचाप गेलो अन् ते दचकलं, तं ते मारते. म्हनून एकट्यानं जाचं नाई, चारपाच जनाइनं जाचं, बोलत जाचं, काईतरी वाजवत जाचं. लेकरं थाळ्या बडवत वर्गाले फेऱ्या माराले लागले. थाळ्या माझ्या, नवीन आलेल्या. मी भात उलथाचा सराटा हातात घेऊन दारात गेली, थाळ्याइले पोचे पाडू नोका म्हनाले.

तेवढ्यात चंचल थांबली अन् म्हने, "टीचर, तुमी थाळी वाजवली नवती काय?"

कारटीले धरून घरी न्यावं असं वाटलं. बाकीच्या थाळ्या एकेक करून बंद पडल्या.

प्रणिता खाली बसली, लेकराइच्या उंचीवर. "नाई वाजवली," म्हने. "मले वाटलं, आपलंच वावर हाये." अन् तिनं कानामागून दोरी काढून मास्क मांडीवर ठेवला.

बंडू सगळ्याइच्या पुढं आला. कालचं कागदाचं नख त्याच्या हातात होतं. त्यानं ते तिच्या गालाजवळ धरून पाह्यलं अन् म्हने, "बरोबर हाये माप." मंग झाले सवाल सुरू.

"दुखलं काय?"

"लई."

"तुमी रडल्या?"

"दवाखान्यात रडली. तवा तं सुचलंच नाई."

"अस्वल मेलं?"

"नाई. तेबी भेलं होतं. पिल्लाले घेऊन पळालं."

हे ऐकून लेकराइले बरं वाटलं, मी पाह्यलं. चंचल तिच्या गालाले बोट लावून म्हने, "इथं गुळगुळीत हाये," अन् मंग सगळ्याइले हात लावाचा होता. एकटी प्रगती भितीपाशी बसून राह्यली, दोन्ही हातानं डोळे गच्च झाकून.

प्रणिताचं लक्ष गेलं. "प्रगती, माझ्या तोंडाचं भेव वाटते काय?"

प्रगतीनं मुंडी हलवली. नाई.

"मंग डोळे काऊन झाकले?"

"पाह्यलं तं सराटा बसते."

"कोन मारते सराटा?"

डोळे झाकलेलेच, तरी त्या पोट्टीनं बोट बरोबर दाराकडे केलं. सगळा वर्ग मागं फिरला. दारात मी. हातात सराटा.

आता सांगतो ते दुसरं काम. भीत पुसली त्या दिवसापासून मी दर नवीन लेकराले दम देत आली होती. टीचरच्या तोंडाकडे पाहाचं नाई, जो पाहीन त्याच्या पाठीत हा सराटा बसन. मले वाटलं, लेकरं टकमक पाहतीन अन् पोरीच्या जिवाले लागन. कराले गेली गणपती अन् झाला मारुती.

"जूनमधी तू पळाली, ते म्हनूनच?" प्रणितानं विचारलं.

"मी पाहून घेतलं नं," प्रगती म्हने, अन् तिले तेवढ्यानंबी रडू फुटलं. "चुकून. मले वाटलं, आता सराट्यावाली आजी येते."

प्रणितानं सगळ्याइले विचारलं, सराट्याचं कोनाकोनाले सांगतलं होतं? चौदा लेकरं, चौदा हात वर. माझ्या नातीचा सगळ्यात वर.

अन् ती हासली. तोंडाची एकच बाजू हालते तिची, दुसरी जागच्या जागी राह्यते, पन हासू पोटातून आलं होतं, डोळ्यात पानी येईपर्यंत. लेकराइले काय, त्याइले निमित्तच पाहिजे, तेबी हासले. प्रगतीनं बोटाच्या फटीतून पाह्यलं, मंग हात काढले, मंग माझ्याकडे पाह्यलं. मी सराटा पाठीमागं लपवला. जलमात पयल्यांदा मले गावात कोनी गप बसवलं असन तं त्या सहा वर्साच्या पोट्टीनं.

घंटा झाली तशी प्रणिता भूषण सराकडे गेली. बिनामास्कची गेली, याचं तिले भानबी नवतं. मी पप्पूले फोडनी देत होती अन् कान तिकडेच होते. "सर, माझी दरखास वापस द्या," ती म्हने. सराइनं टेबलाचा खन उघडला, शोधलं, वरखाली केलं, मंग खिशातूनच काढून देली. आठ-दहा दिवसापासून खिशात घेऊनच फिरत होते बिचारे, कोठं हरवली तं बरं म्हनून. माझा जीव भांड्यात पडला.

लेकरं जेवाले बसले. ती मागच्या खोलीत गेली नाई. माझ्या चुलीपाशी आली अन् लहानपनी बसे तशी पाटावर बसली. मी गंजात तोंड घालून भात हालवत राह्यली. चूक माझी, अन् नऊ महिने ती पोरगी दिवसभर तहानली राह्यली.

"मावशी," ती म्हने, "लेकराइचं जाऊ द्या. दोन वर्सात तुमी तरी माझ्याकडे पाह्यलं काय?"

नवतं पाह्यलं. एकदाबी नाई. दुसऱ्याइले दम देता देता मी माझीच नजर बांधून घेतली होती. मी पदरानं हात पुसले अन् वर पाह्यलं. गाल पाह्यला, कान पाह्यला, ओठ पाह्यला. मंग दुसरं काईतरी दिसलं, जे मले दोन वर्सापयलेच दिसाले पाहिजे होतं, अन् मले रडूच आलं.

"काय पाह्यलं?" ती म्हने.

"किती वाळली वं माय तू," मी म्हनलं. "काई खात नाईस काय?"

"वाढा मंग," ती म्हने. "अन् खरवड हाये काय पाहा."