फोटोतले खोटे डाग

बालाघाटच्या आमच्या एक्स-रे सेंटरात किस्से इतके साचले, की चहाले चार जणी जमल्या की मलेच बोलावतात. मीही सांगते, हसवते. पण खरं सांगू का, प्रत्येक किश्शात आमची निर्मलाताई येतेच. छातीच्या फोटोसाठी, म्हणजे मॅमोग्राफीसाठी, बायांले तयार करायचं काम तिचं. दागिने काढ, केस बांध, घाबरू नको, सारं तिच्याकडे.

*

वारासिवनीच्या एका गुरुजींची बायको आली. डॉक्टरकडे जायचं म्हणून काखेत पावडर थापून! फिल्मवर पांढरे ठिपकेच ठिपके. कॅन्सरचेही ठिपके असेच दिसतात, म्हणून गुरुजी बाहेर पांढरेफटक. निर्मलाताईनं तिले नळावर नेलं, ओल्या फडक्यानं पुसून आणलं. दुसऱ्या फिल्मवर एक ठिपका नाही. गुरुजींनी आम्हा सगळ्यांले पेढे वाटले.

*

ही बातमी पसरली. काही दिवसांनी लालबर्ऱ्याची एक काकी आली, अंगावर अर्धा डबा पावडर.

"काहून वो, एवढी?" ताईनं विचारलं.

"काही निघालं तं पावडरच निघाली पाह्यजे ना, बाई!"

ताई हसली नाही. काकीले हळूच धुऊन-पुसून आणलं अन् फिल्म तयार होईपर्यंत तिचा हात धरून बसली. काकीले गाठ होतीच.

*

एमआरआयसाठी नागपूरले पाठवावं लागे. तिथं अंगावर धातू चालत नाही, फोटोत काळं भगदाड पडते. राजेगावची एक सून मंगळसूत्र काढाले तयार नव्हती, अन् सासू तं तिच्याहून हट्टी. ताईनं घरून हळकुंड आणलं, पिवळ्या दोऱ्यात बांधून सुनेच्या गळ्यात घातलं.

"हेही मंगळसूत्रच. मशीनले चालते, देवालेही चालते."

सासू सुनेले घेऊन बसमध्ये चढली. नागपूरवाल्यांनी नंतर फोन करून विचारलं, हे डोकं कोणाचं?

*

अन् मग ताईच्याच छातीत गाठ हाताले लागली. आमच्या फिल्मवर धड समजेना, म्हणून तिलेही नागपूरले धाडलं. मी सोबत गेलती. रस्ताभर ती एकच म्हणत होती, "माह्या पोरीचं लग्न व्हायचं आहे वो अजून."

तिथं मशीनमध्ये पालथं झोपा लागते, अन् अर्धा तास अजिबात हालायचं नाही. जरा हाललं की फोटो फिसकटते, पुन्हा काढा लागते. ताई बाहेर आली तेव्हा तिथला टेक्निशियन मले म्हणाला, "मैडम, इतना शांत पेशंट हमने नहीं देखा."

डॉक्टरनं फिल्म उजेडावर लावली. इतका साफ फोटो मीही आजवर पाह्यला नव्हता. गाठ स्पष्ट, कडा वेड्यावाकड्या, कॅन्सरच्या असतात तशा. मी पावडरीसारखं खोटं काही सापडते का म्हणून कोपरा न् कोपरा शोधत राह्यली. काही सापडलं नाही, अन् मले रडू आवरेना.

डॉक्टर सावकाश समजावून सांगू लागले. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात घट्ट धरला.

"वंदे, तू सांग ना त्यांले," ती म्हणाली. "मी हालली होती."